संगणकाचा पडदा व माऊस आपल्या सोयीनुसार लावून घ्या

सातबारा उतारा पाहणे, योजनांचे अर्ज भरणे, दूध संस्थेचे किंवा उत्पादक कंपनीचे हिशेब ठेवणे ही कामे आता संगणकावर होतात. अनेकांच्या घरी संगणक आलेलाही आहे. तरीसुद्धा वयाची चाळिशी ओलांडलेले बरेच शेतकरी बंधू-भगिनी 'अक्षर दिसत नाही' आणि 'बाण हातात राहत नाही' या दोन कारणांमुळे सर्व काम मुलांवर किंवा दुकानदारावर सोपवितात. अर्ज दुसऱ्याने भरला तरी त्याखालील नाव आपले असते आणि चुकीचे नुकसानही आपल्यालाच सोसावे लागते.

एकच उदाहरण पाहू. ०.४० हेक्टर म्हणजे ४० आर, सुमारे एक एकर. ०.०४ हेक्टर म्हणजे अवघे ४ आर. पडद्यावर या दोन आकड्यांत फरक फक्त एका शून्याच्या जागेचा असतो. बँक खात्याच्या क्रमांकात इंग्रजी ३ व ८ हे आकडे बारीक अक्षरात सारखेच भासतात. बँकेच्या आयएफएस कोडमधील पाचवे चिन्ह नेहमी शून्य असते, पण ते 'ओ' अक्षरासारखे दिसल्याने चुकीचे भरले जाते. मराठी मजकुरात तर अनुस्वार, रफार, वेलांटी या बारीक खुणा असल्याने अक्षर थोडे मोठे असणे अधिकच गरजेचे ठरते.

औताचे रुमणे आपण आपल्या उंचीला बसवून घेतो. पाठीवरच्या फवारणी पंपाचे पट्टे आपल्या खांद्याप्रमाणे आवळतो किंवा सैल करतो. संगणकही असाच बसवून घेता येतो व त्यासाठी काही खर्च येत नाही. विंडोज ११ असलेल्या संगणकावर हे बदल कसे करावेत, याची माहिती पुढे दिली आहे. विंडोज १० चा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असला, तरी तसे संगणक अजून अनेकांकडे आहेत. त्यावरही याच सोयी आहेत. फक्त 'ॲक्सेसिबिलिटी' या नावाऐवजी तेथे 'ईझ ऑफ ॲक्सेस' असे नाव दिसते.

प्रथम जागा व उजेड

पडदा डोळ्यांपासून साधारण हातभर अंतरावर ठेवावा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. दुहेरी भिंगाचा चष्मा असल्यास पडदा आणखी थोडा खाली घ्यावा, म्हणजे मान वर करून पाहावे लागत नाही. खिडकी पाठीमागे किंवा समोर न येता बाजूला यावी. शेतघरात धूळ अधिक असते, म्हणून संगणक बंद करून पडदा मऊ, कोरड्या कापडाने पुसावा. निम्मी तक्रार कित्येकदा येथेच मिटते.

अक्षर मोठे करणे

१) की-बोर्डवरील विंडोजची खूण असलेली कळ व 'आय' ही कळ एकत्र दाबावी. 'सेटिंग्ज' उघडेल. त्यात 'सिस्टिम', नंतर 'डिस्प्ले' येथे जावे. 'स्केल' समोर १००, १२५, १५० टक्के असे आकडे दिसतात. प्रथम १२५ टक्के करून पाहावे. त्यामुळे अक्षरे, चित्रे व बटणे सर्वच मोठी होतात.

२) केवळ अक्षर मोठे हवे असल्यास 'सेटिंग्ज'मधील 'ॲक्सेसिबिलिटी' व त्यातील 'टेक्स्ट साइज' निवडावे. तेथील पट्टी सरकवून अक्षर २२५ टक्क्यांपर्यंत वाढविता येते. पट्टी सरकविल्यावर 'अप्लाय' हे बटण दाबण्यास विसरू नये.

३) इंटरनेटवरील एखादेच पान बारीक दिसत असेल, तर 'कंट्रोल' कळ दाबून धरून अधिक चिन्हाची कळ दाबावी. पान पूर्ववत करण्यासाठी 'कंट्रोल' व शून्य दाबावे.

४) एखादा आकडा तपासण्यापुरते भिंग हवे असल्यास विंडोजची कळ व अधिक चिन्ह एकत्र दाबावे. काम झाल्यावर विंडोजची कळ व 'एस्केप' दाबले की भिंग बंद होते. अर्ज पाठविण्यापूर्वी क्षेत्र, गट क्रमांक व खाते क्रमांक या भिंगातून एकदा जरूर पाहून घ्यावेत.

अक्षर मोठे करण्यासाठी 'रेझोल्यूशन' कमी करू नये. त्याने अक्षर मोठे होते, पण अस्पष्ट होते. 'रेझोल्यूशन' हे 'रेकमेंडेड' असे लिहिलेल्या आकड्यावरच ठेवावे. तसेच स्केल फार वाढविल्यास एखाद्या अर्जाचे खालचे बटण पडद्याबाहेर जाते. तसे झाल्यास स्केल एक पायरी कमी करावे.

माऊस हाताला बसविणे

खुरपे-कुदळ धरून राठ झालेल्या किंवा थरथरणाऱ्या बोटांना माऊस अवघड जातो. याचे मुख्य कारण बाण फार वेगाने पळतो हे आहे. 'सेटिंग्ज'मध्ये 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस' व त्यातील 'माऊस' येथे 'माऊस पॉइंटर स्पीड' ही पट्टी आहे. ती डावीकडे सरकविल्यास बाण सावकाश चालतो. डावखुऱ्या व्यक्तींनी याच ठिकाणी मुख्य बटण उजवे करून घ्यावे.

बटण पटकन दोनदा दाबणे अनेकांना जमत नाही. याच पानावरील 'ॲडिशनल माऊस सेटिंग्ज' उघडल्यास 'डबल क्लिक स्पीड' दिसते. ती पट्टी 'स्लो'कडे न्यावी व शेजारच्या चित्रावर दोनदा दाबून खात्री करावी. तरीही जमत नसल्यास फाइलवर एकदाच दाबून 'एंटर' कळ दाबावी. काम तेच होते.

बाण सापडत नसल्यास 'ॲक्सेसिबिलिटी'मधील 'माऊस पॉइंटर अँड टच' येथे त्याचा आकार व रंग बदलता येतो. 'ॲडिशनल माऊस सेटिंग्ज'मधील 'पॉइंटर ऑप्शन्स' येथे शेवटच्या चौकोनात खूण केल्यास 'कंट्रोल' कळ दाबताच बाणाभोवती वर्तुळे उमटतात.

काच बसविलेल्या टेबलावर प्रकाशाचा माऊस नीट चालत नाही. त्याखाली पॅड किंवा जाड पुठ्ठा ठेवावा.

घ्यावयाची दक्षता

अ) एका वेळी एकच बदल करावा व दोन दिवस वापरून पाहावे. खताच्या चाचणीत आपण एका वेळी एकच मात्रा बदलतो, तसेच येथे करावे.
ब) बदलापूर्वीचा आकडा वहीत लिहून ठेवावा, म्हणजे पूर्वस्थितीवर येणे सोपे जाते.
क) संस्थेतील संगणक अनेकजण वापरत असल्यास प्रत्येकाचे स्वतंत्र खाते उघडावे. एकाने केलेली मांडणी दुसऱ्याला अडचणीची ठरत नाही.
ड) दर २० मिनिटांनी २० सेकंद दूरवर, सुमारे २० फुटांपलीकडे पाहावे. डोळ्यांना विश्रांती मिळते.
इ) अक्षर मोठे करूनही धूसर दिसत असल्यास तो संगणकाचा दोष समजू नये. मोतीबिंदू किंवा मधुमेहामुळेही नजर मंदावते. नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.

वरील सर्व बदलांना अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ लागत नाही. सुरुवातीस घरातील मुलामुलींची मदत जरूर घ्यावी, परंतु माऊस आपल्या हातात ठेवून. अर्ज भरण्याचे काम पुढेही दुसऱ्याने केले तरी चालेल. मात्र त्यातील आपले नाव, क्षेत्र व खाते क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय तो पाठवू देऊ नये.