पडदा बिघडला म्हणजे संगणक बिघडला असे नव्हे

मार्चअखेरची लगबग चालू असावी आणि नेमक्या त्याच वेळी कार्यालयातील लॅपटॉपच्या पडद्यावर आडव्याउभ्या रेषा उमटाव्यात, अक्षरे फाटल्यासारखी दिसावीत, असा प्रसंग अनेक ग्रामपंचायतींत व शाळांत येतो. यंत्र निकामी झाले असे समजून ते बाजूला ठेवले जाते आणि त्यातील नोंदीही अडकून पडतात. वास्तविक पुष्कळदा दोष लहान असतो. तो नेमका कोठे आहे हे ओळखणे मात्र आवश्यक असते.

चित्र कसे उमटते?

कार्यालयीन कामाच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसते. चित्र रेखाटणारा भाग पूर्वी मदरबोर्डवरील चिपमध्ये असे. इंटेल कंपनीने २०१० मध्ये तो प्रोसेसरच्या वेष्टनात आणि २०११ मध्ये प्रोसेसरच्याच सिलिकॉनच्या तुकड्यावर आणला. यामुळे वीज व खर्च वाचला. तथापि, या भागाला स्वतःची वेगळी स्मृती नसते. तो संगणकाच्या मुख्य स्मृतीचा, म्हणजे रॅमचा, काही हिस्सा वापरतो. साहजिकच रॅम सदोष असली किंवा तिची पट्टी खाचेत सैल बसली, तर त्याचा परिणाम पडद्यावरही दिसू शकतो. तयार झालेले चित्र पुढे बिजागरीजवळून जाणाऱ्या बारीक केबलमधून पडद्यापर्यंत पोहोचते. या साखळीतील कोणताही दुवा कच्चा ठरू शकतो.

दोष कोठे आहे?

सर्वप्रथम, जोवर यंत्र चालू होत आहे तोवर महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर काढून घ्यावी. त्यानंतर पुढील चार परीक्षा क्रमाने कराव्यात. त्यांसाठी यंत्र उघडण्याची गरज नाही.

पहिली: 'विंडोज' व 'प्रिंट स्क्रीन' या कळा एकत्र दाबून पडद्याची प्रतिमा घ्यावी व ती दुसऱ्या यंत्रावर पाहावी. तेथेही विकृती दिसली, तर चित्र तयार होतानाच बिघडत आहे, असे समजावे.

दुसरी: लॅपटॉपला दुसरा मॉनिटर किंवा शाळेतील प्रोजेक्टर जोडावा. 'विंडोज' व 'पी' या कळा दाबून 'डुप्लिकेट' हा पर्याय निवडावा. तेथे चित्र स्वच्छ असल्यास दोष बहुधा लॅपटॉपच्या पडद्यात किंवा केबलमध्ये असतो. दोन्हीकडे सारखीच विकृती असल्यास ड्रायव्हर, रॅम किंवा ग्राफिक्सचा भाग यांकडे लक्ष वळवावे.

तिसरी: पडदा हळुवारपणे मागेपुढे करावा. त्यासरशी रेषा बदलल्या किंवा नाहीशा झाल्या, तर केबल सैल किंवा जीर्ण झाली असण्याचा संभव अधिक.

चौथी: यंत्र चालू करताच निर्मात्याचे बोधचिन्ह दिसते, त्या वेळी विंडोजचा ड्रायव्हर कामाला लागलेला नसतो. तेव्हाही रेषा दिसल्यास दोष यंत्रभागात आहे, असे मानण्यास हरकत नाही.

उपाययोजना

ड्रायव्हर म्हणजे यंत्रभाग व विंडोज यांमधील दुभाष्या. 'विंडोज', 'कंट्रोल', 'शिफ्ट' आणि 'बी' या चार कळा एकत्र दाबल्यास ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. चालू काम बंद पडत नाही. विंडोज अद्ययावत झाल्यानंतर विकृती सुरू झाली असेल, तर 'डिव्हाइस मॅनेजर'मधील 'डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्स' या विभागात जाऊन 'रोल बॅक ड्रायव्हर' हा पर्याय वापरावा. तो उपलब्ध नसल्यास लॅपटॉप-निर्मात्याने त्या मॉडेलसाठी दिलेला ड्रायव्हर बसवावा. रॅमविषयी शंका असल्यास 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' ही विंडोजमधीलच चाचणी करावी. काही वेळ काम केल्यावरच विकृती येत असेल, तर हवेची छिद्रे धुळीने बुजली आहेत काय ते पाहावे. लॅपटॉप गादीवर वा फाइलींच्या ढिगावर ठेवू नये.

केबल, पडदा वा रॅम यांचे काम जाणकार तंत्रज्ञाकडेच सोपवावे. हमीची मुदत शिल्लक असल्यास यंत्र परस्पर उघडू नये. मात्र तक्रार नोंदविताना केवळ 'पडदा खराब' असे न लिहिता चारही परीक्षांचे निष्कर्ष लिहावेत. दोष केबलचा असताना नव्या पडद्याचे देयक मंजूर होण्याचा प्रसंग अशाने टळतो, सार्वजनिक पैसा वाचतो आणि दाखल्यासाठी आलेल्या ग्रामस्थाला रिकाम्या हाताने परतावे लागत नाही.