डबा उलटा करून वाचा!

लहानपणी ‘मला पण तोच डबा हवा’ म्हणून आईच्या मागे लागलात ना? मीही लागले होते. आईने किराण्यातून काटकसर करून तो आणलाच. आता कळतं, ती जाहिरात माझ्यासाठी नव्हतीच. ‘तुमचं मूल मागे पडतंय’ ही भीती आईला विकली जात होती.

2008 मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने हॉर्लिक्सच्या ‘उंच, बळकट, हुशार’ या दाव्याला चाप लावला. आपल्याकडे 10 एप्रिल 2024 ला केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितलं, की बोर्नव्हिटासारखी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ गटातून काढा. कारण अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ची व्याख्याच नाही!

आमच्या अंकुशनगरात साखर कारखाना आहे, त्यामुळे साखर आम्हाला नवी नाही. पण ती ‘ताकदी’च्या डब्यात किती असते, हे कुणी बघतच नाही. नियम सोपा आहे. डब्यावरच्या यादीत जो घटक सर्वात जास्त, तो सर्वात आधी लिहावा लागतो. साखर कितव्या नंबरवर आहे, बघा.

आणि हो, नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत ‘अ’ जीवनसत्त्वाचे नऊ डोस सरकारी लसीकरणात मोफत मिळतात. टीव्हीवर त्यांची जाहिरात किती वेळा पाहिलीत?

आज घरी गेलात की वहिनीला, ताईला एवढं नक्की सांगा.