नागद्वारला जायचे आहे? मग सेमिनरी हिल्सपासून सुरुवात करा

डोंगर चढणे हा पुण्या-मुंबईच्या लोकांचा छंद, आपला नव्हे, असा आपल्याकडे एक समज आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर उंचीवर वसलेले, चहूकडे सपाट काळी जमीन. पण श्रावण लागला की याच सपाट मुलुखातले हजारो लोक पचमढीची गाडी पकडतात आणि नागद्वारची वाट चालू लागतात. ती वाट सातपुड्यातले सर्वांत उंच शिखर असलेल्या धूपगडाच्या परिसरातून जाते. धूपगडाची उंची १३५० मीटर. भर पावसात, निसरड्या दगडांवरून, लोखंडी शिड्या चढत-उतरत दिवसभर चालायचे. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडाच्या तेराशेच्या आसपास पायऱ्या चढणारेही पुष्कळसे विदर्भातलेच. याला ट्रेकिंग म्हणत नाहीत एवढेच.

यात अडचण अशी की हे सारे लोक वर्षाचे साडेतीनशे दिवस स्कूटरवर बसून असतात. भाजी आणायला स्कूटर, मंदिरात जायला स्कूटर. मग नागपंचमीच्या आधी चार दिवस बूट घ्यायचे आणि एकदम सातपुडा! माझ्या दवाखान्यात दरवर्षी यात्रेनंतरच्या आठवड्यात गुडघे धरून येणाऱ्यांची रांग लागते. गुडघे आठ-पंधरा दिवसांत बरे होतात. काळजी वाटते ती छातीची.

एक गृहस्थ माझ्याकडे नेमाने येतात. वय चोपन्न, शाळेत शिक्षक, दहा वर्षांपासून मधुमेह. एकदा मुलीच्या तापासाठी आले होते, जाता जाता पत्नी म्हणाली, "डॉक्टरसाहेब, यांना विचारा ना, रामटेकच्या पायऱ्या चढताना काय होते ते." ते हसून म्हणाले, "काही नाही जी, गॅस होते. छाती भरल्यासारखी वाटते, दोन मिनिटं बसलो का मोकळं होते. नागद्वारला चाललो पुढच्या महिन्यात." मी त्यांना बसवून घेतले आणि तीनच प्रश्न विचारले. घरी बसले असताना असे होते का? नाही. जेवणानंतर होते का? कधीच नाही. चढ लागला की होते आणि थांबले की जाते, असे दर वेळी होते का? होय, दर वेळी.

वाचकहो, हा गॅस नव्हे. श्रमाने येणारा आणि विश्रांतीने काही मिनिटांत जाणारा छातीतला दाब, जडपणा किंवा जळजळ ही हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण असू शकते आणि तसे नाही हे सिद्ध होईपर्यंत ती तशीच समजावी. कधी हा दाब जबड्यात, गळ्यात किंवा डाव्या हातात जाणवतो. स्त्रियांमध्ये आणि मधुमेही माणसांत तर काही वेळा छातीत काहीच दुखत नाही. नुसता दम लागतो, गळून गेल्यासारखे वाटते. साधा ईसीजी काढला आणि तो चांगला आला म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण तो आडवे पडून काढलेला असतो. हृदयाला त्या वेळी काम नसते. चालत्या पट्ट्यावरची तपासणी, जिला आपण टीएमटी म्हणतो, ती याच्यासाठीच आहे. या शिक्षकांचा ईसीजी निर्दोष होता. टीएमटीत दोष निघाला, पुढे अँजिओग्राफीत दोन वाहिन्या अरुंद सापडल्या. त्या वर्षी ते पचमढीला गेले, पण बडा महादेवापर्यंत मोटारीने. घरची मंडळी नागद्वारला गेली, हे खाली वाट पाहत बसले. फार चिडले होते माझ्यावर.

चढाची ही मोठी सोय आहे. सपाट रस्त्यावर जे कळत नाही ते चढावर कळते. म्हणून चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांपैकी काही असल्यास, मोठ्या यात्रेआधी दोन-तीन महिने घरच्या टेकड्यांवर चालून पाहावे. आपल्याकडे त्या आहेत, आपण त्यांच्याकडे पाहत नाही.

अगदी सोपी सुरुवात करायची तर सेमिनरी हिल्स आणि फुटाळा. जपानी गार्डनच्या बाजूचा चढ इतका सौम्य आहे की नवशिक्यालाही जमतो, आणि सकाळी सहाला सोबतीला माणसेही असतात. इथे पहिले तीन आठवडे काढावेत. वेग किती असावा? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा. नाडी मोजत बसण्यापेक्षा ही कसोटी बरी, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच मंद झालेली असते आणि आकडा फसवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या शिफारशीत आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. एवढे जमू लागले की अंबाझरीचा किंवा गोरेवाड्याचा परिसर धरावा. गोरेवाड्याच्या जंगलात मात्र वनखात्याने आखलेल्या वाटेनेच आणि त्यांच्या वेळेतच जावे. तिथे बिबटे आहेत.

पुढची पायरी अदासा आणि मग रामटेक. अदाश्याच्या गणपतीची टेकडी लहान, कुटुंबासह जाण्याजोगी. रामटेक मात्र खरी परीक्षा. मोटाररस्ता जवळजवळ गडमंदिरापर्यंत जातो, तो विसरून जावा. अंबाळा तलावाच्या घाटावरून जुन्या पायऱ्यांनी चढावे. वाट झाडीतून जाते, पायऱ्या एकसारख्या नाहीत, काही उंच, काही झिजलेल्या, आणि ते चांगलेच आहे, कारण नागद्वारची वाटही तशीच ओबडधोबड आहे. वर वाकाटककालीन नृसिंह मंदिरे आहेत, कालिदासाचे स्मारक आहे. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असे महामहोपाध्याय मिराशींनी साधार मांडले. बसून दम घ्यायला यापेक्षा चांगली जागा कुठली? खाण्याच्या पिशव्या तेवढ्या माकडांपासून जपाव्यात. एका सकाळी ही वाट न थांबता, छातीत काही न होता, चढून-उतरून झाली आणि दुसऱ्या दिवशी जिना नीट उतरता आला, तर तुमची तयारी बरी आहे असे समजायला हरकत नाही. त्यानंतर चिखलदरा. तिथे हजार मीटरच्या वर मोकळी हवा, गाविलगडाची मोठी तटबंदी आणि पायी हिंडायला दोन दिवस पुरतील एवढी जागा आहे.

उताराविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण लोक त्याला आराम समजतात. चढताना दम लागतो, उतरताना स्नायू फाटतात. हे मी शब्दशः म्हणतो आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचे वजन पेलतो, ब्रेक लावल्यासारखा. त्यात त्याचे सूक्ष्म तंतू इजा पावतात आणि दुखणे त्या दिवशी न होता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमटते. सवयीने हे कमी होते, औषधाने नाही. पावले आखूड टाकावीत, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा, हातात काठी घ्यावी. काठीची लाज वाटण्याचे कारण नाही, वाटेवर सगळ्यांच्याच हातात असते. गंमत अशी की या उताराचाही एक फायदा आहे. ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी २००४ साली एक प्रयोग मांडला होता. काही लोकांना दोन महिने डोंगर चढायला लावून रोपवेने खाली आणले, आणि दोन महिने रोपवेने वर नेऊन उतरायला लावले. चढण्याने रक्तातली ट्रायग्लिसराइड्स कमी झाली, तर उतरण्याने शरीराची साखर पेलण्याची शक्ती सुधारली. मधुमेही वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. त्यांनी खिशात साखरेचा पुडा ठेवावा, रात्री तळपाय आरशात पाहावेत, आणि साखर चालण्यानंतर काही तासांनीही उतरू शकते हे घरच्यांना सांगून ठेवावे.

आता हवामान. नागद्वारची यात्रा आपल्या उन्हाळ्याच्या पाठोपाठ येते, आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत कोण चालणार? म्हणून तयारी फेब्रुवारीतच सुरू करावी, एप्रिल-मेमध्ये पहाटे पाच ते सात एवढेच चालावे, नाहीतर घराचा जिना आहेच. याच दिवसांत मोहफुले आणि तेंदूपत्ता वेचायला गेलेल्या माणसांवर वाघाचे हल्ले होतात, तेव्हा जंगलातल्या अनोळखी वाटा वर्ज्य. दोन तासांच्या चालण्याला माणशी किमान एक लिटर पाणी हवे. घाम फार गेला तर एका लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट घ्यावे; चमचा चहाचा, सपाट भरलेला. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

सुट्टीत कोकणात जाणाऱ्यांसाठीही दोन शब्द. आपला उन्हाळा कोरडा, घाम येतो आणि वाळून जातो, त्याने अंग थंड राहते. कोकणात हवा दमट, घाम नुसता ओघळतो, अंग थंड होत नाही. त्यामुळे ३४ अंश म्हणजे आपल्याला काय, असे म्हणून नागपूरचा माणूस भर दुपारी समुद्रकाठ चालायला निघतो आणि चक्कर येऊन बसतो. हरिहरेश्वरला देवळामागून खडकांतून जाणारी प्रदक्षिणेची वाट सोपी आणि सुंदर आहे, पण ती फक्त ओहोटीला. भरतीची वेळ गावात विचारल्याशिवाय पायऱ्या उतरूच नयेत.

पावसाळ्यात वीज कडाडू लागली तर एकट्या झाडाखाली उभे राहू नये. कड्याला आग्यामोहोळ दिसले तर अत्तर, धूर, आरडाओरड काही नको, मुकाट्याने लांबून जावे. साप चावल्यास करकचून बांधू नये, चिरू नये. तो पाय हलू न देता १०८ वर फोन करून रुग्णालय गाठावे. उतारा फक्त तिथेच मिळतो.

आणि शेवटची एक खूण, जी फारशी कोणाला माहीत नाही. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात स्क्रब टायफसची साथ आली होती. गवतातल्या बारीक किड्याच्या पिल्लाच्या चाव्याने हा ताप येतो. चावा दुखत नाही, कळतही नाही. गवतात बसण्याआधी सतरंजी घालावी, पूर्ण पायजमा मोज्यात खोचावा, घरी आल्यावर अंघोळ करून कपडे गरम पाण्यात टाकावेत. यात्रेनंतर दोन-तीन आठवड्यांत जोराचा ताप आणि डोकेदुखी आली तर काख, जांघ, कमरपट्ट्याची जागा नीट पाहावी. सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली दिसली तर डॉक्टरांना ती आपणहून दाखवावी, आणि खपली नसली तरी आपण जंगलात जाऊन आलो हे सांगावे. डॉक्सिसायक्लिन नावाचे साधे, स्वस्त औषध वेळेवर मिळाले तर हा ताप बहुधा दोन-तीन दिवसांत उतरतो.