‘२५००-४०००’ ही एक संख्या नव्हे

नंदुरबारची ओली लाल मिरची बाजार समितीत येते, मग पथारीवर वाळते, हे तुम्हांला सांगायला नको. आज आपण तिच्या हिशेबातल्या एका आडव्या रेघेविषयी बोलू.

क्विंटलचा भाव आपण ‘२५००-४०००’ असा लिहितो. माणसाला कळतं, हे किमान आणि हे कमाल. एक्सेलला मात्र ती नुसती अक्षरं दिसतात. गुणाकार सांगितला की तो चूक दाखवतो. ‘८-१०’ लिहिलं तर त्याची तारीखच करून टाकतो. म्हणून रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवायचा.

मग मजकूर रेघेपाशी तोडायचा. तो ए२ या चौकटीत असेल, तर किमान भाव असा निघतो (सूत्र टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजी घ्यायचे):

=व्हॅल्यू(लेफ्ट(ए२,फाइंड("-",ए२)-१))

आणि कमाल असा:

=व्हॅल्यू(मिड(ए२,फाइंड("-",ए२)+१,२०))

फाइंड रेघेची जागा शोधतं, लेफ्ट आणि मिड तिच्या अलीकडचा-पलीकडचा तुकडा उचलतात, व्हॅल्यू त्याची संख्या करतं. रेघ सगळीकडे एकाच प्रकारची हवी. मध्येच लांब रेघ पडली तर फाइंडला ती सापडत नाही.

इथवर यंत्राचं काम झालं. आता विचाराचं. समजा, उत्पादन ३०-४० क्विंटल आणि खर्च ६०,०००-८०,००० रुपये. पुष्कळजण तिन्हींची सरासरी घेतात: ३२५० गुणिले ३५, वजा ७०,०००. नफा ४३,७५०. छान वाटतं!

आता दोन्ही टोकं धरून बघा. किमान उत्पन्न ७५,०००, कमाल १,६०,०००. वजाबाकीत मात्र टोकं उलटी जोडायची: किमान उत्पन्नातून कमाल खर्च, कमाल उत्पन्नातून किमान खर्च. उत्तर येतं: ५,००० तोटा ते १,००,००० नफा. रॅमन मूर यांच्या १९६६ च्या ‘इंटर्व्हल अ‍ॅनालिसिस’ या ग्रंथात या गणिताची शिस्तशीर मांडणी आहे.

सरासरीत तो तोटा दिसतच नाही. पल्ला आपल्याला एवढंच सांगतो की खरी संख्या या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. ती मधोमध असेल असं तो कुठेही म्हणत नाही. दोन्ही टोकं एकाच हंगामात येतीलच असंही नाही. पण कर्जाचा हप्ता ठरवणाऱ्या शेतकऱ्याला खालचं टोक आधी दिसलं पाहिजे. तेव्हा आपल्या पत्रकात किमान आणि कमाल असे दोन रकाने शेवटपर्यंत वेगळे ठेवा. सरासरी काढायचीच असेल, तर ती त्यांच्या शेजारी तिसऱ्या रकान्यात मांडा.