नैरोबी साहित्यविवाद

नैरोबी साहित्यविवाद : स्वतंत्र झालेल्या देशाच्या विद्यापीठात साहित्याचा अभ्यास कोठून सुरू व्हावा, या प्रश्नावरून केन्यातील नैरोबी येथे १९६८ मध्ये उद्भवलेला वाद. केन्याला १९६३ मध्ये स्वातंत्र्य मिळाले. नैरोबीचे महाविद्यालय त्या वेळी पूर्व आफ्रिका विद्यापीठाचा घटक होते. १९७० मध्ये त्याचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. तत्पूर्वी त्याचा लंडन विद्यापीठाशी शैक्षणिक संबंध असल्याने साहित्य म्हणजे इंग्रजी साहित्य, ही धारणा राजसत्ता गेल्यानंतरही टिकून राहिली.

सप्टेंबर १९६८ मध्ये इंग्रजी विभागाचे प्रभारी प्रमुख जेम्स स्ट्यूअर्ट यांनी कला शाखेच्या विस्ताराविषयी एक टिपण मांडले. त्यात एकाच संस्कृतीचे ऐतिहासिक सातत्य अभ्यासण्याचे महत्त्व प्रतिपादिले होते. गूगी वा थ्योंगो, हेन्री ओवुओर-अन्युंबा व ताबान लो लियोंग या तीन अध्यापकांनी २४ ऑक्टोबर रोजी त्याला लेखी उत्तर दिले : असे सातत्य अभ्यासावयाचेच, तर ती संस्कृती आफ्रिकी का नसावी? इंग्रजी विभाग विसर्जित करून आफ्रिकी साहित्य व भाषा यांचा विभाग स्थापावा, अशी त्यांची मागणी होती. या मागणीचा अर्थ इंग्रजी साहित्यावरील बहिष्कार असा पुष्कळदा लावला जातो. तो बरोबर नाही. आफ्रिका केंद्रस्थानी ठेवून कॅरिबियन, अमेरिकेतील कृष्णवर्णीय आणि यूरोपीय साहित्याकडे क्रमाने जावे, असा तो आराखडा होता. स्वाहिली व फ्रेंच यांच्याबरोबर इंग्रजी भाषेलाही त्यात स्थान होते.

आराखड्याचा सर्वांत मूलगामी भाग मौखिक परंपरेविषयीचा होय. कथा, गीते, म्हणी व कोडी हे तोवर मानवशास्त्राचे साहित्य समजले जाई; आता ते वाङ्मय म्हणून अभ्यासविषय ठरले. त्यामुळे लिहिता-वाचता न येणारी आजी ही विद्यार्थ्याच्या दृष्टीने अधिकारी ज्ञाती ठरू शकत होती. पाठ्यपुस्तकांतील नावे बदलण्यापेक्षा हा बदल निश्चितच खोल होता.

पुढे नैरोबीत साहित्य विभाग अस्तित्वात आला. १९७४ च्या अध्यापक परिषदेत शालेय अभ्यासक्रमाच्या फेररचनेचाही विचार झाला. तेथील बदल मात्र संथ राहिला. अध्यापनाचे माध्यम इंग्रजीच असल्याने मूळ प्रश्न अर्धाच सुटला होता. गूगी यांनी तो गिकुयू भाषेत लेखन करून पुढे नेला. कामिरीथू येथे ग्रामस्थांसमवेत १९७७ मध्ये सादर केलेल्या गिकुयू नाटकानंतर त्यांना सुमारे एक वर्ष विनाचौकशी स्थानबद्ध करण्यात आले. सुटकेनंतर विद्यापीठातील पद त्यांना परत मिळाले नाही.