राजापूरहून क्रूझला जाताना

क्रूझचं बुकिंग झालं की लोक लगेच मुंबईहून स्वस्त विमान शोधायला लागतात. माझ्या मते आखणी शेवटाकडून करावी. आधी जहाज सुटण्याची वेळ पाहा. त्याच्या साधारण तास-दीड तास आधीच प्रवाशांना चढवणं बंद होतं. म्हणून विमान किमान आदल्या दिवशी पोहोचणारं हवं. बंदराचं नावही नीट वाचा. रोमच्या नावाने विकली जाणारी क्रूझ चिविताव्हेक्कियाहून सुटते, आणि ते रोमपासून सुमारे 70 किलोमीटरवर आहे.

वाटेत विमान बदलायचं असेल, तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. पहिल्याला उशीर झाला तर पुढची सोय विमान कंपनीला करावी लागते. वेगवेगळी तिकिटं असली की दुसऱ्याचे पैसे बहुधा बुडतात.

राहिला घर ते विमानतळ हा टप्पा. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या कमी वेगाने धावतात, दरड आली तर खोळंबाच. राजापूरकरांना मुंबईपेक्षा गोव्याचं मोपा विमानतळ बरंच जवळ. 2023 पासून तिथून विमानं सुटतात. मुंबईहूनच जायचं तर तारीख दोनदा वाचा: 12 तारखेचं रात्री 1.40चं विमान म्हणजे 11 तारखेच्या रात्रीच विमानतळावर हजर राहायचं.

आणि जहाज ग्रीसहून तुर्कस्तानला जाऊन परत ग्रीसला येणार असेल, तर एकाहून जास्त प्रवेशांचा शेंगेन व्हिसा लागतो. विमानाचे पैसे भरण्याआधी हे जरूर तपासा.