शिंपल्याची चमक कुठून येते?

नेरूळच्या मासळी बाजारातले शिनाणे शिजून उघडले, की कवचाची आतली बाजू मोत्यासारखी झळकते. तिसरी या शिंपल्याची मात्र पांढरीच राहते. दोन्ही कवचं मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची, चुनखडीच्याच कुळातली. मग शिनाण्याला वेगळं रंगद्रव्य असेल? तसं असतं तर पूड केल्यावरही झळाळी उरली असती. उरते पांढरट भुकटी. फरक रचनेत आहे. मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतक्या जाड चकत्या शिनाण्याच्या कवचात विटांसारख्या रचलेल्या असतात, मध्ये प्रथिनं आणि कायटिनचा लेप. ही जाडी प्रकाशलहरींच्या मापाची, म्हणून थराथरांवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळून रंग उमटतात. पण चुनखडी तर ठिसूळ, मग कवच चिवट कसं? तडा सरळ जाऊच शकत नाही. चकतीपाशी तो वळतो, लेप ताणला जातो आणि जोर वाटेतच खर्ची पडतो. लेप जेमतेम पाच टक्के, तरी चिवटपणाचं मोठं श्रेय त्याचंच.